वहीत लाल शाई का नाही?

"मॅडम, आम्ही दोघंही शिकलेलो नाही. घरात शाळेची भाषा कोणी बोलत नाही. म्हणूनच पोरगा मागे पडतोय का?"

सातवीतल्या मुलाची आई विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अल्पसंख्याक किंवा बेताच्या कमाईच्या घरातले पालक माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात तेव्हा बहुतेकांनी दोष आधीच स्वतःवर घेतलेला असतो. शाळेने "घरी लक्ष द्या" म्हटलेलं असतं. लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय, ते कोणी सांगितलेलं नसतं.

धाकट्या मुलाचं तरी असं होऊ नये म्हणून या आईने त्याच्याशी आपल्या भाषेत बोलणं बंद केलं होतं. मोडक्यातोडक्या शालेय भाषेत जेवढं जमेल तेवढंच बोलायच्या. ते आधी थांबवायला सांगितलं. आई ज्या भाषेत मोकळेपणी गोष्ट सांगू शकते, भांडू शकते, "असं का?" विचारू शकते, त्याच भाषेत मुलाची समज वाढते, आणि ती पुढे दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते.

गरिबीचा परिणाम होत नाही, असं मी त्यांना सांगितलं नाही. होतो. अमेरिकेत 1966 साली आलेल्या कोलमन अहवालात, म्हणजे तिथल्या शाळांच्या मोठ्या सरकारी पाहणीत, शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या पार्श्वभूमीचा गुणांशी जास्त संबंध दिसला होता. पण त्यावरून "मग शाळा काय करणार?" असा निष्कर्ष काढणं सोयीचं असतं, एवढंच.

मग सातवीतल्या मुलाच्या वह्या मागवल्या. निबंधांमध्ये वाक्यं अर्धवट, मुद्दे दोनदा आलेले, आणि खाली शेरा: "छान", "ठीक". कुठेही खूण नाही, दुरुस्ती नाही. चाचणीत मात्र गुण काठावर. छान लिहूनही गुण का मिळत नाहीत, हे कोडं त्या मुलाने स्वतःपुरतं सोडवलं होतं: "माझं डोकंच नाही."

वर्गशिक्षकांना भेटले. माणूस मनाने चांगला. "त्याच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे हो. म्हणून मी फार टोचत नाही." हीच दया मुलाला महागात पडत होती. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केंट हार्बर यांनी 1998 साली हेच दाखवलं होतं: निबंध कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा आहे असं वाटलं की तो तपासणारे गोरे विद्यार्थी त्यातल्या आशयावर जास्त सौम्य शेरे देत. टीका टाळली की तपासणाऱ्याला बरं वाटतं. मुलाला मात्र चूक कुठे झाली ते कळत नाही.

पण नुसती लाल शाई ओतूनही चालत नाही. ज्या मुलाला आपण इथले नाही असं वाटत आलंय, तो त्या खुणा अपमान म्हणून वाचतो. डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी 2014 साली सातवीच्या मुलांवरचा एक छोटा प्रयोग मांडला. शिक्षकांच्या सूचनांसोबत एक चिठ्ठी जोडली होती: माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करू शकतोस हे मला माहीत आहे, म्हणून या सूचना. ती मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी खूपच जास्त जणांनी निबंध सुधारून परत दिला.

सरांना मी हेच सुचवलं. एका वेळी दोनच चुका दाखवा, कारण सांगा, आणि तोच निबंध पुन्हा लिहून घ्या. पहिल्यांदा मुलगा घरी येऊन रुसला, "सर मलाच पकडतात" म्हणाला. आईने सरांशी झालेलं बोलणं त्याला सांगितलं. पुढचा निबंध त्याने स्वतःहून दोनदा लिहिला. भाषेचे गुण हळूहळू वर आले.

गणिताचे नाहीत. तिथे अडचण वेगळी निघाली. कामासाठी घर बदलावं लागलं तेव्हा त्याची शाळा मधेच सुटली होती आणि अपूर्णांक शिकायचे राहून गेले होते. ते शेऱ्यांनी भरून निघत नाही, बसून शिकवावं लागतं. ते घरी होणार नाही, असं शाळेला स्पष्ट सांगितलं. आता मधल्या सुट्टीनंतरच्या मोकळ्या तासाला गणिताच्या बाई त्याला आणि आणखी काही मुलांना घेऊन बसतात. वर्गात अपूर्णांक अडलेला तो एकटाच नव्हता.