दख्खनच्या बेसॉल्टमध्ये कार्बन डायऑक्साइड साठवता येईल का, हे कसं तपासतात?

तुम्ही विचारलंय, आइसलँडमध्ये हा वायू बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हाच्या काळ्या खडकात, सोडून त्याचा दगड करतात, मग बहुतेक महाराष्ट्र त्याच खडकावर असताना इथे का नको?

रसायन दोन्हीकडे तेच. खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह पाण्यात उतरतं आणि विरघळलेल्या वायूशी मिळून कार्बोनेट बनतं. आइसलँडमधल्या हेलिशेइदीला २०१२ मध्ये सोडलेला वायू दोन वर्षांच्या आत ९५ टक्के दगड झाला. प्रश्न आहे तो इथल्या खडकात वायू शिरेल का, याचा.

विहीर खोदताना काळ्या पाषाणाखाली मांजऱ्या, म्हणजे छिद्रांचा खडक, लागतो ना, तसं. लाव्हाच्या थराचा माथा बुडबुड्यांनी जाळीदार होतो, पोट घट्ट राहतं. वायू माथ्यात साठवायचा, वरच्या थराचं घट्ट पोट हे झाकण. पण आपला खडक साडेसहा कोटी वर्षांचा. कोअरला, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दांड्याला, भिंग लावा, बरीच छिद्रं झिओलाइट, कॅल्साइट, गार अशा खनिजांनी बुजलेली दिसतील. पुण्याजवळच्या खाणींतले देखणे स्फटिक अशाच पोकळ्यांतले. म्हणून प्रयोगशाळेतल्या सच्छिद्रतेच्या आकड्यावर मी थांबत नाही, बोअरमध्येच पाणी दाबून बघायला हवं.

खोली ८०० मीटरच्या पुढे हवी. तिथे साधारण ३१ अंश आणि ७४ बार दाब ओलांडले जातात, वायू दाट होऊन कमी जागा घेतो. पॅकर, म्हणजे फुगणारी रबरी बुचं, वर-खाली बसवून २०-३० मीटरचा पट्टा वेगळा करायचा आणि पाण्याचा दर पायरीपायरीने वाढवायचा, प्रत्येक पायरीला सारखा वेळ देऊन. दर वाढवूनही दाब पूर्वीसारखा चढेनासा झाला, की खडक फुटायला लागला. अमेरिकी नियमात वायू सोडताना या दाबाच्या ९० टक्क्यांपुढे जाता येत नाही. मग पंप बंद करून दाब उतरताना मोजायचा. तो मूळ पातळीवर न येता वरच अडकला तर जागा बंदिस्त आहे, सुरुवातीला वायू घेईल, नंतर नाही. वरच्या पॅकरच्या वरही एक दाबमापक ठेवा. तो हलला तर पॅकर गळतोय किंवा झाकणातल्या उभ्या भेगा उघड्या आहेत.

आता हिशेब. १० चौरस किलोमीटर, २० मीटर जाडी, १० टक्के सच्छिद्रता, घनता घनमीटरला ६५० किलो, त्यातली २ टक्के जागा प्रत्यक्ष वापरात आली असं धरू. येतात २ लाख ६० हजार टन. ५०० मेगावॉटचं कोळशाचं केंद्र एवढा वायू साधारण महिनाभरात सोडतं.

आइसलँडची पद्धत, म्हणजे वायू पाण्यात विरघळवून सोडणं, उचलायची तर टनभर वायूला सुमारे २५ टन पाणी लागतं. वर्षाला लाख टनांसाठी २५० कोटी लिटर, हे मराठवाड्यात कुणी मागूही नये. वॉशिंग्टन राज्यात वॉलुलाला २०१३ मध्ये सुमारे हजार टन वायू पाण्याशिवाय दाट रूपात बेसॉल्टमध्ये सोडला, दोन वर्षांनी काढलेल्या कोअरमध्ये कार्बोनेटच्या गाठी सापडल्या. आपल्यासाठी मला तीच वाट बरी वाटते, मात्र झाकणाची परीक्षा दुप्पट कडक हवी, कारण न विरघळलेला वायू वर चढायला बघतो.

कोयनेचा पट्टा मात्र आधीच वगळा. तिथे धरणाच्या पाण्याच्या चढउतारानेही भूकंप होतात.