पुस्तक शेवटी, आधी अंक

सांगली

चि. लेकी,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, कवितांची आणि चार कथांची फाईलही उघडली. संक्रांतीला संग्रह काढायचा म्हणतेस. छापणारा पैसे भरल्यावर पंधरा दिवसांत पुस्तक हातात देतो म्हणतोय, पुण्यात ओळखीचं कुणी नाही, मग इथंच उरकून टाकू का, असा तुझा प्रश्न. माझं मत आधीच सांगून टाकतो: यंदा संग्रह काढू नकोस. पुण्यात ओळख नाही म्हणून फारसं काही अडत नाही. अडतं ते अंकांच्या तारखा, अर्जांच्या अटी आणि छपाईचा हिशोब ठाऊक नसतो म्हणून. ते सगळं जत तालुक्यात बसूनही शिकता येतं. तुझ्याच तालुक्यातल्या निगडी बुद्रुकच्या नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ या कादंबरीला २०१८ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, हे तुला माझ्याआधी माहीत असणार.

घाई नको म्हणतो त्याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. पहिलं पुस्तक एकदाच निघतं, आणि नवोदितांसाठीच्या बऱ्याच सवलती त्या एकाच पुस्तकाला लागू असतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्याच पुस्तकासाठी आहे. हस्तलिखित पाठवायचं, तज्ज्ञ वाचतात, पसंत पडलं तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनाचा गट वेगळा ठेवलाय. कवितेचा बहिणाबाई चौधरींच्या नावानं, लघुकथेचा ग. ल. ठोकळांच्या. पैसे भरून घाईनं काढलेली साठ कवितांची पुस्तिका हे सगळं एका फटक्यात खर्चून टाकते. अकादमीच्या युवा पुरस्काराला १ जानेवारीला वय पस्तिसाच्या आत लागतं, म्हणजे तुझ्याकडे अजून बरीच वर्षं आहेत.

संक्रांतीच्या मुहूर्ताचीही एक गोम आहे. राज्य पुरस्कारांसाठी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असं वर्ष धरतात. जानेवारीत निघणाऱ्या पुस्तकावर छापणारा सवयीनं ‘डिसेंबर’ टाकतो आणि पुस्तक उगाचच मागच्या वर्षात जाऊन बसतं. प्रवेशिकेची मुदत संपायला मग काही दिवसच उरतात, कधी तेही नाहीत. प्रथमावृत्तीचा महिना आणि साल शेवटच्या प्रुफात स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

आता अंक. दिवाळी अंक दिवाळीत निघतो, पण भरतो उन्हाळ्यापासून. एप्रिल ते जूनमध्ये आवाहनं येतात, जुलैअखेर बहुतेकांचा मजकूर ठरलेला असतो आणि गणपतीपर्यंत पानं लागत आलेली असतात. सप्टेंबरात पाठवलेली कथा चांगली असली तरी तिला जागाच उरत नाही. कथा अडीच ते चार हजार शब्दांत ठेव. कविता पाठवायच्या तर तीन ते पाच, एकाच फाईलमध्ये. युनिकोडमध्ये टाईप करून वर्ड फाईल पाठवायची, वहीच्या पानाचा फोटो नाही. पूर्ण पत्ता आणि फोन नंबर ईमेलमध्ये असतोच, तो फाईलमध्येही हवा, कारण छापायची वेळ येते तेव्हा फाईल एकीकडे असते आणि ईमेल दुसरीकडे. एक कथा एका वेळी एकालाच. तीन महिने वाट बघावी, मग दोन ओळींचं पत्र टाकून मोकळं व्हावं. एकच कथा दोन अंकांत छापून आली की दोन्ही संपादक तुझं नाव लक्षात ठेवतात, आणि चांगल्या कारणासाठी नाही. व्हॉट्सॲपवर फिरवलेली कविताही काही जण प्रकाशित धरतात, तेव्हा पाठवण्याआधी ती तिथं टाकू नकोस.

पाठवण्याआधी तो अंक वाचलेला हवा. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं ‘नवभारत’ वैचारिक लेखांचं मासिक आहे, तिथं प्रेमकविता पाठवणारे दरवर्षी निघतातच. मुलांसाठी लिहीत असशील तर बालभारतीचं ‘किशोर’ आहे, आणि तुझी शेळीची कथा मला तिथलीच वाटते. पण दोन हजार शब्दांवर आण, आणि शेवटचा उपदेश काढून टाक. सांगली-साताऱ्याच्या नगर वाचनालयांत किंवा वाईच्या लोकमान्य टिळक ग्रंथसंग्रहालयात एक दिवस बसून दिवाळी अंक चाळलेस तर कुणाला काय चालतं ते कळेल. महाबळेश्वरजवळचं भिलार हे पुस्तकांचं गाव झालं ते ४ मे २०१७ ला. तिथं घराघरांत एकेका साहित्यप्रकाराची पुस्तकं मांडलेली आहेत. वाचायला जा. तिथं तुझं पुस्तक कुणी छापणार नाही.

संमेलनांबद्दल विचारलं आहेस. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी औदुंबरला सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन संक्रांतीला भरतं. तिथं पुस्तक घेऊन जायची गरज नाही, एक कविता पुरे. वीस-बावीस ओळींची, वाचायला दोन ते तीन मिनिटं लागणारी. ‘ही कविता मला कशी सुचली’ हे सांगू नकोस. खेड्यापाड्यातल्या संमेलनांत कविसंमेलन दुपारच्या शेवटी येतं आणि लोकांचं अर्धं लक्ष परतीच्या एसटीकडे असतं. प्रस्तावनेत दोन मिनिटं गेली की कविता रिकाम्या खुर्च्यांना ऐकवावी लागते. अखिल भारतीय संमेलनाचा मान आपल्या भागाला पुष्कळदा मिळाला आहे. कऱ्हाडला १९७५ साली दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या, सांगलीत २००८ साली आपले समीक्षक म. द. हातकणंगलेकर सर, आणि ९९ वं संमेलन साताऱ्याच्या वाट्याला आलं. या मोठ्या संमेलनांत नवख्या माणसाला शिरायची वाट म्हणजे कविकट्टा, म्हणजे नवोदितांच्या कवितावाचनाचा मंच. त्यासाठी कविता दोन-तीन महिने आधी मागवतात, आयत्या वेळी जाऊन नाव लागत नाही. महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या जवळच्या शाखेचं सभासदत्व घे. त्यानं कुणी लेखक होत नाही, पण ही पत्रकं वेळेवर हाती पडतात.

नाटकाचं मात्र तुझ्या पत्रात अवाक्षर नाही, आणि सांगली जिल्ह्यात राहणाऱ्यानं ही वाट सोडणं मला पटत नाही. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला इथं सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली, हे सगळे सांगतात. कामाची गोष्ट पुढची आहे: इथल्या हौशी संस्थांना दरवर्षी नवी संहिता लागते आणि ती सहजी मिळत नाही. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सांगली केंद्रावर होते. संस्थेच्या हातात संहिता जूनपर्यंत पडली तर पात्रनिवड आणि तालमींना वेळ मिळतो. प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्यालाही वेळ जातो. तुझ्या चौथ्या कथेत, त्या पाण्याच्या टँकरच्या, सगळं एका चौकात आणि एका सकाळीच घडतं. तिची ३५-४० मिनिटांची एकांकिका होईल. ती राज्य नाट्य स्पर्धेला चालणार नाही, तिथं पूर्ण लांबीचं नाटक लागतं; पण एकांकिका स्पर्धांना चालेल. पात्रं सहाच्या आत ठेव, कारण गावच्या संस्थेला सहा माणसंसुद्धा रोज तालमीला मिळताना मुश्कील. टँकर रंगमंचावर आणू नकोस, नुसता हॉर्न पुरे.

भाषेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुझ्या कथांचं खरं बळ तिथं आहे आणि गोंधळही तिथंच. पहिल्या कथेत एकच म्हातारी एका पानावर ‘न्हाय’ म्हणते, पुढच्या पानावर ‘नाय’, आणि शेवटी ‘न्हाई’. वाचणाऱ्याला हे बोलीचं वैविध्य वाटत नाही, टायपिंगची चूक वाटते. एक वही कर. डावीकडे प्रमाण शब्द, उजवीकडे तुझ्या पात्राचा उच्चार, आणि एकदा ठरलं की तेच रूप अखेरपर्यंत. कन्नड शब्द येतील तिथं कंसात अर्थ देऊ नकोस. पुढच्या वाक्यात दुसऱ्या पात्राच्या तोंडून उलगडू दे. फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिही: ‘संवादातील बोलीरूपे मूळ प्रतीप्रमाणेच ठेवावीत.’ हे नसलं की अक्षरजुळणी करणारा सद्भावनेनं सगळ्यांना शुद्ध मराठी शिकवतो.

त्याहून वाईट म्हणजे फॉन्टची अदलाबदल. तू युनिकोडमध्ये टाईप करतेस, छापखान्यात अजूनही बऱ्याचदा श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात पानं लावतात. फाईल बदलताना सगळ्यात आधी ‘ऱ्य’ मोडतो. तुझ्या कवितेतल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे जतच्या माळावर समुद्र उसळतो, आणि स्पेलचेकला त्यात काही वावगं दिसत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. ‘ॲ’ची जागाही कधी रिकामी राहते. म्हणून प्रूफ नुसतं वाचायचं नसतं. मूळ प्रत शेजारी ठेवून ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’ असलेले शब्द एकेक करून ताडायचे. पहिलं प्रूफ दुसऱ्याला दे, दुसरं स्वतः वाच. स्वतःच लिहिलेलं डोळा आपोआप बरोबर वाचतो.

पुढं पुस्तकाची वेळ येईल तेव्हा पानांचा हिशोब आधी कर. पुस्तक १६ पानांच्या फॉर्ममध्ये छापतात, फार तर ८ पानांचा अर्धा फॉर्म. तुझा मजकूर ८३ पानं झाला तर पाच फॉर्मवर तीन पानं जास्त, आणि त्या तीन पानांसाठी अर्ध्या फॉर्मचे पैसे द्यायचे. त्यापेक्षा तीन कविता गाळ. संग्रह सुधारतोही. किंमत ठरवताना वितरकाची सूट धर. ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. दीडशेचं पुस्तक म्हणजे हातात पंचाहत्तर, आणि प्रतीला ऐंशी खर्च आला असेल तर विकलेल्या प्रत्येक प्रतीमागं पाच रुपये तुझ्याच पदरचे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो, स्वतः प्रकाशन करणाऱ्यालाही. त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याला हिशोब विचार.

करारातली एक ओळ नीट वाच: ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’. तिच्यावर सही करायची नाही. फक्त छापील मराठी पुस्तकाचा हक्क, तोही ठरावीक आवृत्तीपुरता किंवा वर्षांपुरता द्यायचा. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्यानं ती पाच वर्षं धरतात, पण लिहून घेतलेलं बरं. अनुवाद, ऑडिओ, चित्रपट हे हक्क तुझ्याकडेच. मानधन टक्क्यांत असेल तर ते छापील किमतीवर की मिळालेल्या रकमेवर, एवढं विचारच.

पुस्तक निघालं की पुरस्कारांची पत्रं यायला सुरुवात होईल. प्रवेशिकेबरोबर पुस्तकाच्या दोन-तीन प्रती मागणं रास्त आहे. निवड झाल्याचं कळवून मग ‘सन्मानचिन्ह शुल्क’ मागणारे मात्र पुरस्कार देत नाहीत, विकतात. शंभर कवींचा प्रातिनिधिक संग्रह काढून प्रत्येकाला पाच-पाच प्रती घ्यायला लावणारेही त्याच गल्लीतले. असे ‘राज्यस्तरीय’ मान परिचयात लिहिलेले पाहून चांगला संपादक उलट सावध होतो.

तर आधी टँकरची एकांकिका कर, आणि कथांपैकी दुसरी, मेंढरांची, दिवाळी अंकासाठी नीट कर. तिच्यात मधली दोन पानं दुष्काळाच्या वर्णनात गेली आहेत, ती अर्ध्या पानावर आण. पाणी किती लांबून आणायला लागतं ते एका वाक्यात आलं तरी पुरतं. मला छापील प्रत पाठवशील तेव्हा कागदाच्या एकाच बाजूला, ओळींत दुप्पट अंतर ठेवून काढ. पेन्सिलीनं खुणा करायला जागा लागते. मेच्या आत पाठव, म्हणजे जूनमध्ये तुला दुरुस्तीला महिना मिळेल.

घरच्यांना नमस्कार.

तुझा,
काका