गालाच्या पेशींची पहिली स्लाइड

कंदी पेढा खाल्ला असशील तर आधी दोनदा खळखळून चूळ भर, नाहीतर सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली पेढाच दिसेल. मग टूथपिकच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू हलकेच खरवड. रक्त येईपर्यंत नाही.

स्लाइडवर साधं पाणी नको, ०.९ टक्के मिठाचं पाणी घे: १०० मिलीत ०.९ ग्रॅम. साध्या पाण्यात पेशी पाणी ओढून फुगतात. वनस्पतींसारखी पेशीभित्तिका नसते ना, आवरायला फक्त पातळ पटल. खरवडलेलं त्या थेंबात नीट पसरव. गोळा राहिला तर पेशी एकावर एक चढतात आणि काहीच कळत नाही. त्यावर मिथिलीन ब्लूचा एकच थेंब, एक-दोन मिनिटं. जास्त झाला तर सगळंच निळं होऊन केंद्रक लपतं. जादा रंग टिपकागदाने कडेने ओढून घे. कव्हरस्लिप तिरकी टेकवून सावकाश सोड. धप्पकन टाकलीस की बुडबुडे आलेच, आणि काळ्या कडेचा गोल बुडबुडा म्हणजे पेशी असं नवखे हमखास समजतात. खरी पेशी चपटी, वेड्यावाकड्या कडेची, मध्ये गडद ठिपका, तेच केंद्रक. आधी १० एक्सचं (दहापट) भिंग, मगच ४० एक्सचं. तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) शोधत बसू नकोस, या रंगात दिसत नाहीत.

या पट्टकी अभिस्तराच्या, म्हणजे चपट्या पेशींच्या अस्तराच्या, पेशी. सतत घासल्या जातात, झडतात, म्हणून तर इतक्या सहज निघतात.

पुढे स्नायू बघायचा तर मटणाचा बारीक धागा दोन सुयांनी उकल. सूक्ष्मदर्शकाच्या मंचाखालचा पडदा (डायफ्राम) थोडा मिटून उजेड कमी कर, आडवे पट्टे तेव्हाच उठतात.