आधी माणूस बघ

प्रिय मुली,

वाचनगटाला तू विज्ञानकथांची लांबलचक यादी दिलीस, कुणी एकही पुस्तक उघडलं नाही, आणि तू निकाल देऊन मोकळी झालीस की सोलापुरात हे कुणाला आवडतच नाही. मला हे मुळीच पटलेलं नाही. आधी माणूस बघायचा, मग पुस्तक काढायचं. तू उलटं केलंस.

त्या निवृत्त मास्तरांना तू फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' '१९६५ची गाजलेली कादंबरी' म्हणून सुचवलीस. गाजली असेल, त्यांना त्याचं काय? त्यांना सांग की त्या कादंबरीतल्या ग्रहावर पाणी इतकं दुर्मिळ आहे, की लोक अंगावरचा घाम शुद्ध करून पुन्हा प्यायला देणारा पोशाख घालतात. समोरच्यापुढे थुंकणं हा तिथे मान, कारण थुंकणाऱ्याने आपल्या देहातलं पाणी दिलेलं असतं. उजनी धरण भरलं तरी नळाची वाट दिवस मोजत बघणाऱ्या माणसाला आणखी काही समजवावं लागत नाही. सुरुवातीची पानं जड जातात, तेही आधीच सांगून टाक.

जयंत नारळीकरांचंही तेच. 'थोर खगोलशास्त्रज्ञ' एवढं म्हणून 'यक्षांची देणगी' पुढे करतेस? अगं, त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. स्वतःच्या नावाचं वजन कथेवर पडू नये म्हणून! आणि आपण त्याच नावाच्या वजनावर त्यांची पुस्तकं खपवायची? कॉम्प्युटर शिकणारा तुमच्यातला तो मुलगा यंत्रं आपली नोकरी खातील म्हणून धास्तावलाय ना? त्याला नारळीकरांचीच 'वामन परत न आला' ही कादंबरी दे. बुद्धिमान यंत्रमानव घडवण्याचा मोह आणि त्याची किंमत, हे सगळं त्यात मराठीत वाचायला मिळतं.

लोक मला हट्टी म्हणतात. पाच नावं मागितली तर मी एकच देतो आणि त्याआधी दहा प्रश्न विचारतो. म्हणू देत. या हट्टामागे एक रुखरुख आहे. गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेल्या माझ्या एका शेजाऱ्याने विचारलं होतं, "यंत्रानं माणसाचं काम घेतलं तर पुढं काय, यावर कुणी लिवलंय का?" लिहिलंय की! आयझॅक आसिमॉव्हची 'द केव्हज ऑफ स्टील', १९५४ची. त्यात यंत्रमानव माणसांच्या नोकऱ्या घेतात, आणि त्यांचा राग येणाऱ्या पोलिसालाच एका यंत्रमानवाबरोबर खुनाचा तपास करावा लागतो. पण शेजाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं आणि माझ्या हाताशी मराठी प्रत नव्हती. मग रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्याला ती सांगितली. तो ऐकायचा, मध्येच भांडायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. पुस्तक मात्र त्याच्या हातात कधी पडलं नाही, ते मला अजून सलतं. म्हणून मी आधी मराठीतलं शोधतो, आणि शोधून मिळालं नाही तर तोंडी सांगतो. तूही सांग. लाजतेस कशाला?

यादी फाडून टाक. पुढच्या बैठकीत कुणालाही काही सुचवू नकोस, फक्त प्रत्येकाला विचार की सध्या झोप कशाने उडते. उत्तरं लिहून घे आणि रविवारी माझ्याकडे ये, एकेका माणसाचं पुस्तक आपण मिळून ठरवू. येशील तेव्हा स्टानिस्लाव लेमची 'सोलारिस' घेऊन जा. पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास करूनही माणसांना न उमजलेला एक समुद्र आहे त्यात. ती गटासाठी नाही, तुझ्यासाठी आहे.