फळीवरची पाटी वाचू नकोस

चि. हिस,
अनेक आशीर्वाद.

'सगळ्या प्रकारच्या संगीतातले ऐकायलाच हवेत असे अल्बम सांगा, शंभर तरी' असा तुझा निरोप मिळाला. शंभर देणार नाही. शंभराची यादी फोनमध्ये पडून राहते. थोडेच सांगतो, आणि एकावरून दुसऱ्याकडे कसं जायचं तेही सांगतो. जॅझ, रॉक, शास्त्रीय, हिपहॉप ही दुकानातल्या फळ्यांवरची नावं. वाजवणारी माणसं त्या फळ्यांवरून सारखी इकडून तिकडे जात असतात. तेव्हा कव्हरच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लाव: साथीला कोण, ध्वनिमुद्रण कुठं झालं, वाद्य कोणतं.

एक पत्ताच धरून बघ. न्यूयॉर्कच्या पूर्व भागातला तिसावा रस्ता. तिथं एक जुनं चर्च होतं, कोलंबिया कंपनीनं त्याचा स्टुडिओ केला होता. 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959 अशा दोन दिवसांत माइल्स डेव्हिसनं तिथं 'काइंड ऑफ ब्लू' मुद्रित केला. यादीत पहिला हाच लिही. जॅझ कळत नाही म्हणतेस ना? मग 'सो व्हॉट' लाव. आधी बेस काही तरी विचारतो, बाकीचे दोन-दोन सुरांत हुंकार भरतात. पुढं जे सूर लागतात तो आपला काफी थाट. सोळा बार (म्हणजे छोटी आवर्तनं) त्याच सुरांत, मग आठ बार सगळंच्या सगळं अर्ध्या सुरानं वर, आणि पुन्हा आठ बार मूळ जागी. एवढाच आराखडा. त्यात कोल्ट्रेन आणि ॲडर्ली हे दोघं सॅक्सोफोनवाले एकामागून एक येतात. जागा तीच, पण एकाचं बोलणं दुसऱ्याशी जुळत नाही. बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, ऐकायची सवय असलेल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही. (पहिल्या दिवशी टेपचं यंत्र किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे तबकडीची पहिली बाजू कित्येक वर्षं जरा चढ्या पट्टीत वाजत होती. नव्वदच्या दशकात ती दुरुस्त झाली. जुनी प्रत हाती लागली तर हार्मोनियमशी ताडून बघ.)

त्याच वर्षी त्याच खोलीत डेव्ह ब्रुबेकचा 'टाइम आउट' झाला. 'टेक फाइव्ह'मध्ये पाच मात्रा आहेत, तीन-दोन अशा. टाळी देत ऐक, झपताल येणाऱ्याला पाच मिनिटांचं काम आहे. चार्ल्स मिंगसचा 'मिंगस आह अम'देखील तिथलाच, तोही 1959चाच.

आणि त्याच छताखाली 1955 मध्ये ग्लेन गूल्ड नावाचा बावीस वर्षांचा कॅनेडियन पोरगा बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' पियानोवर वाजवून गेला. एक आरिया, म्हणजे मूळ धून, तिचे तीस अवतार, आणि शेवटी पुन्हा तीच आरिया. साधारण 38 मिनिटांत काम फत्ते! पाश्चात्त्य शास्त्रीयात कुठून शिरायचं असं विचारशील तर इथून. पण एकटं हे ऐकू नकोस. 1981 मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, गूल्डनं त्याच स्टुडिओत हीच रचना पुन्हा वाजवली, तेव्हा तिला 51 मिनिटं लागली. सुरुवातीची आरिया दोन्हींतली लागोपाठ लाव. दुसऱ्या खेपेला तो दोन सुरांमध्ये इतका थांबतो की पुढचा येतो की नाही अशी शंका यावी. मागे तो गुणगुणतोय तेही ऐकू येतं. काही लोकांना त्याचा राग येतो, मला येत नाही.

आता घरी ये. उस्ताद अमीर खाँसाहेबांची एचएमव्हीची तबकडी आहे, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. ही चुकवलीस तर बाकी काही ऐकल्याचा उपयोग नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, आणि षड्जावर विसावा मिळेल असं वाटत असतानाच तो हुलकावणी देतो. 'पिया मोरे अनत देस' ही बंदिश झुमरा तालात इतक्या सावकाश उलगडते की तबकडीची एक बाजू वीसेक मिनिटांची असते यावर विश्वास बसू नये.

मग 1967 चा 'कॉल ऑफ द व्हॅली'. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. निर्मिती एचएमव्हीतल्या जी. एन. जोशींची, म्हणजे 'रानारानात गेली बाई शीळ' गाणाऱ्या आपल्या गोविंदरावांची. मराठीत अशी एकसंध बांधणी हवी असेल तर 1974 चा 'शिवकल्याण राजा' घे. रामदास, भूषण, सावरकर, कुसुमाग्रज अशा निरनिराळ्या काळांतल्या कवींना हृदयनाथांनी एका माळेत ओवलंय. त्यातली दोन गाणी सुटी काढून ऐकणाऱ्यांची मला कीव येते.

पत्त्यासारखा वाद्याचाही माग काढता येतो. चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायचे. 1982 मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडून भैरवी, ललत, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. अल्बमचं नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. त्यातलं टीबी-303 हे यंत्र एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकतं. मींड घेणाऱ्याला आणखी काय हवं! खप मात्र झाला नाही. पुढं शिकागोच्या पोरांनी 1987 मध्ये हेच यंत्र पिळून काढलं, त्याला ॲसिड हाऊस असं नाव पडलं, आणि 2010 मध्ये चरणजितांची तबकडी पुन्हा निघाल्यावर जगानं तोंडात बोट घातलं.

त्यांच्याकडचं दुसरं यंत्र टीआर-808, ठेका धरणारं. त्याचा माग काढलास तर न्यूयॉर्कच्या 'प्लॅनेट रॉक' या गाण्यापाशी पोचशील, तेही 1982 चंच. त्यातली धून जर्मनीच्या क्राफ्टवर्कच्या 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस'मधली, 1977 ची. तिथून हिपहॉप फार लांब नाही: नास या रॅपरचा 'इलमॅटिक' (1994), मग केंड्रिक लामारचा 'डॅम', ज्याला 2018 मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. शब्द समोर ठेवून ऐक, नाही तर नुसता ठेका हाती लागेल.

हेवी मेटलला नाक मुरडू नकोस. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात टोनी आयोमी या गिटारवाल्याच्या दोन बोटांची टोकं गेली. प्लास्टिकची टोपणं बसवून तो वाजवायला लागला, तारा सैल केल्या, आणि 1971 च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बमात गिटारचा सूरच खाली उतरवला. तो जडपणा तिथून आलाय. मार्व्हिन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन', जोनी मिचेलचा 'ब्लू' (दोन्ही 1971) आणि फेला कुटीचा 'झॉम्बी' हेही घे. त्यांच्याबद्दल पुढच्या पत्रात सवडीनं लिहीन. बीटल्स तुला कुणीही सांगेल.

आठवड्याला एकच अल्बम, गाण्यांचा क्रम न बदलता, निदान तीनदा. सुरुवात मारव्यानं कर, दिवेलागणीला. त्या वेळी घरात टीव्ही चालू असतो हे मला माहीत आहे. आईला माझं नाव सांग, अर्धा तास बंद ठेवेल.

तुझा,
काका