बोटीच्या इंजिनाची दुसरी चावी कुठे करून मिळेल?

मालवणात बोट आहे, यामाहाच्या आउटबोर्डची (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाची) एकच चावी उरलीय, तर कंपनीकडेच जावं लागेल का, असं तुम्ही विचारलंय. चावी साधी असेल तर सहसा नाही.

आधी चावीवर कोरलेला नंबर बघा. बऱ्याचदा तोच चावी घालायच्या स्विचच्या तोंडावरही असतो. मिठाचा थर ओल्या फडक्याने पुसला की दिसतो. तो डीलरला कळवून त्याच नंबरची चावी मागवा. झिजलेल्या चावीवरून काढलेल्या नकलेपेक्षा ती केव्हाही बरी. घाई असेल तर बाजारातला चावीवाला करून देईल, पण पितळीच मागा. लोखंडी चावी खाऱ्या हवेत लवकर गंजते.

नवी चावी ऑफ, ऑन, स्टार्ट अशा तिन्ही जागी फिरवून बघा. अडली तर जोर अजिबात लावू नका. आत तुकडा मोडला तर स्विचच बदलायची वेळ येते.

सी-डू ब्रँडच्या जेटस्कीचं (पाण्यावरच्या स्कूटरचं) वेगळं आहे. तिच्या चावीत चिप असते, त्यामुळे डीलरकडेच प्रोग्रॅम करावी लागते.

आणि कृपा करून किल-स्विचची (चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) लाल दोरी क्लिपसकट जादा घ्याच. ती हरवली तर हातात चावी असूनही इंजिन चालू होत नाही.