माळवदाच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरात तुळईचं भिंतीतलं टोक कुजलंय, काय करावं?

आधी तुळईखाली पक्का टेकू द्या, मगच तिला हात लावा. वर मातीचं ओझं असतं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड माळवदांनी किती जीव घेतले ते आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही. म्हणून गळतं तिथं मातीवर माती चढवू नका. जुना थर काढून पांढऱ्या मातीचा पातळ थर द्या, उतार पन्हाळीकडं ठेवा. पाणी थांबल्याशिवाय बाकीचा खर्च वायाच.

मग पेचकस टोचून बघा. सहज आत गेला की तेवढं लाकूड गेलं. कुजकं टोक फूटभर चांगल्या लाकडासकट कापा आणि दोन्ही बाजूंनी सागवानी फळ्या नट-बोल्टनं आवळून जोड द्या. जोड किती लांब ठेवायचा ते अनुभवी सुतारालाच ठरवू द्या.

लाकूड वाळल्यावर बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी दोन-तीन हात मारा. ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, त्यामुळं ओल्या लाकडावर ऑइलपेंट अजिबात नको, ओल आतच कोंडते. टोकाभोवती सिमेंट ठासू नका, बोटभर हवा खेळू द्या. हे काम उन्हाळ्यातलं. पावसाळ्यात नुसता टेकू आणि ताडपत्री.